आधी पाते, मग हरळी

पर्थमध्ये घरापुढचे लॉन पिवळे पडले, विरळ झाले, की बहुतेक जण आधी खताच्या पोत्याकडे वळतात आणि मग पाणी वाढवता येईल का याची चौकशी करतात. माझे मत याच्या उलट आहे आणि ते दरवर्षी अधिक पक्के होत चालले आहे. हरळीचे लॉन सुधारायचे असेल, तर पहिला हात कापणीच्या यंत्राला लावावा. त्याची धार आणि पात्यांची बसवणूक नीट झाली, की मगच वाळू, खत आणि पाणी यांच्याकडे वळावे. हरळी ज्या कमी उंचीवर दाट होते त्या उंचीवर तिला स्वच्छ कापणारे यंत्र हाताशी नसेल, तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

ऑस्ट्रेलियात ज्याला ‘काऊच’ म्हणतात ती आपली हरळीच, म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. नर्सरीत मिळणारी विंटरग्रीन ही तिचीच एक निवडक जात. माझ्या माहेरी शेतात हरळी म्हणजे संकट होते. नांगरट आणि वखरणी झाल्यावर आजोबा तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडे, वेचून बांधावर वाळत टाकायचे, कारण बोटभर तुकडा जरी मातीत राहिला तरी पहिल्या पावसाबरोबर तो फुटायचा. शेतकऱ्याला नकोसा वाटणारा हाच गुण लॉनला उपयोगी पडतो. हरळीला जमिनीवर सरपटणारी खोडे असतात आणि जमिनीखाली काशाही असतात. त्यामुळे वरचे सगळे हिरवे खरवडून काढले तरी खाली साठवलेल्या अन्नावर ती पुन्हा उठते. इथल्या अनेक अंगणांत असणाऱ्या बफेलो गवताला केवळ वरची खोडे असतात, म्हणून त्याच्यावर असा प्रयोग कधीही करू नये. पुढे मी जे लिहिते आहे ते फक्त हरळीला लागू आहे.

आता यंत्राविषयी. सर्वत्र दिसणाऱ्या रोटरी यंत्रात एक आडवे पाते प्रचंड वेगाने फिरते आणि गवताला फटका मारून तोडते. पात्याची धार गेली असेल तर गवताची टोके फाटतात आणि एकदोन दिवसांत पांढुरकी होऊन वाळतात. दुरून पाहिले तर लॉनला खत कमी पडले आहे असे वाटते, पण जवळ जाऊन एक पान हातात घेतले की टोकाला लोंबणारे धागे दिसतात. सिलिंडर किंवा रील प्रकारच्या यंत्राचे काम कात्रीसारखे चालते. पिळदार पात्यांचे सिलिंडर फिरत असते, त्याच्या खाली एक स्थिर पाते असते आणि या दोन धारांच्या मध्ये आलेले गवत कापले जाते. हे यंत्र इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउड भागात एडविन बडिंग याने १८३० साली बनवले. लोकरी कापडावरचे उभे राहिलेले तंतू कापणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. इतक्या वर्षांत इंजिने आली, बेअरिंग बदलली, तरी कापण्याचे तत्त्व तेच राहिले आहे.

माझ्याकडे स्कॉट बॉनर मॉडेल ४५ आहे. अ‍ॅडलेडच्या कंपनीने बनवलेले हे जुने, जड, सतरा इंच रुंद कापणारे यंत्र मी सेकंडहँड घेतले. ऑस्ट्रेलियात ही यंत्रे अजून जिवंत आहेत, कारण त्यांचा प्रत्येक भाग उघडता येतो, बदलता येतो आणि बहुतेक भाग मिळतातही. देखभालीला मी जून ते ऑगस्ट हे महिने ठेवते. तेव्हा हरळी थंडीने जवळजवळ थांबलेली असते आणि यंत्राला काम नसते.

झाकण उघडण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवावी. ही सूचना औपचारिकता म्हणून देत नाही. इंजिन बंद असतानाही सिलिंडर हाताने फिरवता येते आणि एक पाते हलवले की सगळी पाती हलतात. त्यामुळे एका हाताने फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने पुसायचे, हा प्रकार बोटांवर बेततो. जाड हातमोजे घालावेत आणि सिलिंडर फिरवायला लाकडी काठी वापरावी. त्यानंतर पात्यांवर चिकटून दगडासारखे झालेले जुने गवत ब्रशने काढावे, चेन रॉकेलने धुऊन कोरड्या कराव्यात, त्यांना तेल द्यावे आणि ताण पाहावा. सिलिंडर दोन्ही टोकांना धरून वरखाली हलवून पाहावे. किंचितही खुळखुळ जाणवली तर बेअरिंग आधी बदलावीत, कारण सिलिंडर आपल्या जागी स्थिर राहत नसेल तर पात्यांची कुठलीही जुळणी टिकत नाही. इंजिनाचे तेल, एअर फिल्टर, प्लग ही कामे नेहमीची आहेत, त्यावर वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

खरे काम सिलिंडर आणि खालचे पाते यांच्यामधल्या फटीचे आहे. दोन्ही बाजूंना जुळणीचे स्क्रू असतात आणि ते घट्ट केले की फिरती पाती स्थिर पात्याच्या जवळ येतात. अनेकांना वाटते की जितके घट्ट तितके चांगले कापेल. प्रत्यक्षात लोखंड लोखंडावर दाबून घासले की ते तापते, धार गोल होते, इंजिनावर ताण येतो आणि पाती अकारण झिजतात. पाती एकमेकींना जेमतेम भेटली पाहिजेत. मी आधी फट इतकी ठेवते की सिलिंडर मोकळे फिरेल, मग डावा स्क्रू थोडा, उजवा थोडा, असे करत जवळ आणते आणि कान लावून ऐकते. पूर्ण रुंदीभर एकसारखा बारीक सळसळ आवाज यायला हवा. एका टोकाला कर्कश आणि दुसऱ्या टोकाला शांत असेल, तर एक बाजू जास्त आवळली गेली आहे असे समजावे.

आवाजानंतर कागद. वर्तमानपत्राच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापून घ्याव्यात, पट्टी स्थिर पात्याच्या धारेवर समोरून काटकोनात धरावी आणि सिलिंडर हळूहळू फिरवावे. डावे टोक, मध्य आणि उजवे टोक अशा तिन्ही ठिकाणी प्रत्येक पात्याची परीक्षा घ्यावी. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. तो दुमडून आत ओढला गेला तर फट जास्त आहे किंवा धार गेली आहे. फक्त एकाच ठिकाणी कागद सुटत असेल तर तिथे बोट जवळ नेऊन, स्पर्श न करता, उजेडात निरखून पाहावे. बहुधा खडा लागून पात्याला बारीक खाच पडलेली दिसते आणि खाचेच्या कडेला वर आलेले लोखंड चकाकत असते. तो उंचवटा बारीक कानशीने सपाट करावा. खाच राहिली तरी चालते, उंचवटा राहिलेला चालत नाही, कारण दर फेरीला तो खालच्या पात्यावर आपटतो.

धार थोडीच गेली असेल तर ग्राइंडिंग पेस्टने ती परत आणता येते. ८० ग्रिटची, म्हणजे भरड कणांची, पेस्ट भांडी घासण्याच्या द्रावणात कालवून पात्यांच्या धारांना ब्रशने लावावी, सिलिंडरच्या टोकाला हँडल जोडून ते कापण्याच्या दिशेच्या उलट फिरवावे आणि आवाज मंदावला की जुळणी अगदी किंचित जवळ आणून पुन्हा फिरवावे. शेवटी १२० ग्रिटची बारीक पेस्ट वापरावी आणि पाण्याने सगळे निपटून धुवावे. पेस्टचा कण बेअरिंगमध्ये गेला तर तो तिथेही आपले काम करत राहतो. मात्र या पद्धतीची मर्यादा ओळखली पाहिजे. अनेक वर्षे एकाच बाजूने जास्त आवळले गेलेले सिलिंडर शंकूसारखे निमुळते होते. दोन्ही टोकांचा व्यास कॅलिपरने मोजून फरक आढळला, तर पेस्टने काही साधत नाही. सिलिंडर आणि खालचे पाते दोन्ही वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर चढवून सरळ करून घ्यावे लागते. त्यावर खर्च करायला मी कधीही मागेपुढे पाहत नाही.

उंची मोजण्याचे साधन घरी बनवता येते. एक सरळ लोखंडी पट्टी घेऊन तिच्या मध्यावर भोक पाडायचे आणि त्यातून बोल्ट घालून दोन नटांनी घट्ट करायचा. यंत्र मागे कलंडवून पट्टी पुढच्या आणि मागच्या रोलरवर टेकवायची आणि बोल्टच्या डोक्याची आतली कड खालच्या पात्याच्या ओठावर अडकते का ते पाहायचे. पट्टीपासून बोल्टच्या डोक्याच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे कापण्याची उंची. दोन्ही टोकांना हे मोजले म्हणजे लॉनवर एका बाजूला खोल पट्टा उमटत नाही. माझे यंत्र एरवी १२ मिलिमीटरवर असते. त्याहून फार खाली जायचे असेल तर सिलिंडरला पातीही जास्त लागतात. एका पात्याने कापल्यापासून पुढचे पाते येईपर्यंत यंत्र जेवढे पुढे सरकते, ते अंतर कापण्याच्या उंचीपेक्षा जास्त झाले की लॉनवर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटा दिसू लागतात. सहा पात्यांच्या सिलिंडरने गोल्फच्या ग्रीनसारखी उंची मागू नये.

यंत्र तयार झाले की जमिनीकडे वळायचे, पण घाई न करता. इथे दिनदर्शिकेतला वसंत १ सप्टेंबरला सुरू होतो, त्याच दिवशी जून ते ऑगस्टची स्प्रिंकलरबंदीही उठते आणि लोक लगेच लॉन खरवडायला घेतात. जमीन मात्र तेव्हा अजून थंड असते. या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे नूंगार लोकांच्या ऋतुगणनेत ऑगस्ट-सप्टेंबर हा जिल्बा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा कंबरंग. हरळीचे वेळापत्रक मला या गणनेशी जास्त जुळलेले दिसते. जिल्बात तिला कोंब येऊ लागतात आणि कंबरंगात ती खऱ्या अर्थाने धावते. म्हणून मी खरवडण्याचे काम सप्टेंबरच्या अखेरीस करते, म्हणजे उघड्या पडलेल्या काशांना लगेच ऊब मिळते आणि डिसेंबरचा कडक उन्हाळा येण्याआधी जमीन झाकली जाते.

हे खरवडणे सिलिंडरच्या यंत्राने करू नये. वर्षभरात साठलेला वाळक्या काड्यांचा थर, त्यात अडकलेली वाळू, झाडांच्या काटक्या आणि खडे यांनी नुकतीच लावलेली धार एका दुपारी जाते. या कामाला जुने रोटरी यंत्र वापरावे, टप्प्याटप्प्याने उंची कमी करत न्यावी, मधेमधे दंताळ्याने जोर लावून काड्या ओढून काढाव्यात आणि पुन्हा कापावे. शेवटी लॉन तपकिरी आणि उघडेबोडके दिसते. काशा जिवंत आहेत की नाहीत हे पाहायचे असेल तर एक उपटून नखाने खरवडावी. आत पांढरी, टणक आणि ओलसर असेल तर काळजी नाही. पिचकी आणि आतून तपकिरी असेल तर त्या जागी दुसरीकडची काशी आणून पुरावी लागते.

पर्थची किनारपट्टी वाळूवर वसलेली आहे आणि या वाळूचा एक विचित्र दोष आहे. सेंद्रिय पदार्थांतून सुटलेल्या मेणासारख्या द्रव्याचा थर कणांवर बसतो आणि कोरडी वाळू पाणी घेतच नाही. उन्हाळ्यात पिवळ्या डागावर बाटलीतले थोडे पाणी ओतून पाहावे. ते मण्यांसारखे वर थांबते, उताराकडे घरंगळते आणि दोन बोटे उकरले तर खाली कोरडी भुकटी निघते. अशा जागी पाण्याची वेळ वाढवून उपयोग नसतो. आधी वेटिंग एजंट, म्हणजे वाळूला पाणी घ्यायला लावणारे द्रव्य, पसरून भरपूर पाण्याने आत मुरवावे लागते. खरवडल्यानंतर काट्याने किंवा पोकळ दात्यांच्या अवजाराने जमिनीला भोके पाडावीत आणि मगच हे द्रावण द्यावे, म्हणजे ते मुळांपर्यंत पोहोचते.

खाचखळगे भरण्यासाठी वरून चाळलेली वाळू किंवा वाळू आणि कंपोस्ट यांचे मिश्रण पसरतात. एका वेळी १० मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये आणि कोंबांची टोके वाळूतून वर दिसत राहावीत. १०० चौरस मीटरला १० मिलिमीटर थर द्यायचा तर १ घनमीटर माल लागतो, त्यावरून आपापला हिशेब करता येतो. सपाट करायला लाकडी फळी दोरीने ओढली तरी पुरते. कमी उंचीवर कापायचे असेल तर हे काम टाळता येत नाही, कारण सिलिंडरचे यंत्र रोलरवर चालते आणि उंचवटा आला की पाते थेट त्याच्या डोक्यावर बसते. वाळू दिल्यानंतरच्या पहिल्या काही कापण्या पुन्हा रोटरीनेच कराव्यात. वाळू पाण्याने खाली बसली, गवताने तिला झाकले, की मग सिलिंडर बाहेर काढावे.

खताबाबत मी हात आखडता ठेवते. १२ टक्के नायट्रोजनचे दाणेदार खत चौरस मीटरला २५ ग्रॅम दिले म्हणजे ३ ग्रॅम नायट्रोजन पडतो आणि एका वेळी तेवढा पुरेसा आहे. इथली राखाडी वाळू पोषकद्रव्ये फार धरून ठेवत नाही. जास्तीचे खत पाण्याबरोबर खाली जाते आणि त्यातले बरेचसे शेवटी स्वान आणि कॅनिंग नद्यांपर्यंत पोहोचून शेवाळाला पोसते. म्हणून वसंतात आणि नंतर मार्च-एप्रिलमध्ये थोडे थोडे द्यावे. हिवाळ्यात हरळी झोपलेली असताना दिलेले खत सरळ नदीला दिल्यासारखे आहे.

पाण्याला इथे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. घरक्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातले दोन दिवस ठरलेले असतात आणि स्प्रिंकलर सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ च्या नंतर एकदाच चालवता येतो. वॉटर कॉर्पोरेशन ही इथली पाणीपुरवठा संस्था एका वेळी १० मिलिमीटर पाणी द्यायला सांगते. तेवढे पडते का हे पाहण्यासाठी सरळ कडांचे रिकामे डबे लॉनवर ठिकठिकाणी ठेवून मोजावे. बहुतेक घरांत एका कोपऱ्यातला डबा भरलेला आणि दुसऱ्या कोपऱ्यातला जवळजवळ कोरडा सापडतो. तिथे दोष गवताचा नसून वाकड्या झालेल्या नोझलचा असतो. खोल मुळे धरलेली हरळी या दोन दिवसांच्या पाण्यावर जानेवारीही काढते.

यानंतर सगळे कापण्यावर येते. एका वेळी पानाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये, असा नियम आहे. १२ मिलिमीटरवर लॉन ठेवायचे तर ते १८ मिलिमीटर होण्याच्या आत कापले पाहिजे आणि नोव्हेंबर ते जानेवारी याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असा होतो. हे जमणार नसेल तर उंची २० किंवा २५ ठेवावी, त्यात कमीपणा काही नाही. उंच वाढलेल्या हरळीचे हिरवे फक्त शेंड्याला असते आणि खाली नुसत्या तपकिरी काड्या असतात. ती एकदम खाली कापली की मधेच पिवळे चट्टे उठतात आणि लोक रोग समजून औषध आणायला धावतात. उलट वारंवार, थोडे थोडे आणि धारदार पात्याने कापलेली हरळी आडवी पसरते, तिला बाजूने नवे फुटवे येतात आणि तणाला शिरायला जागा उरत नाही. लव्हाळा मात्र याला अपवाद आहे. तो कशालाही जुमानत नाही आणि गाठीसकट उकरून काढावा लागतो. हरळीच्या शेंड्याशी पानांचा आखडलेला झुबका दिसला तर तो कोळी या सूक्ष्म किडीचा प्रादुर्भाव असतो. असे झुबके कापून, गोळा करून कचऱ्यात टाकावेत, कंपोस्टमध्ये टाकू नयेत.

कुंपणालगतचा हातभर रुंदीचा एक पट्टा मी कापत नाही आणि त्यावर वेटिंग एजंट, तणनाशक यांतले काहीही पडू देत नाही. गणेश चतुर्थी इथे हिवाळा सरतासरता येते. तेव्हा कमी उंचीवर कापलेल्या लॉनवर तीन किंवा पाच पानांची धड दूर्वा मिळत नाही. या मोकळ्या पट्ट्यात मात्र उन्हाच्या बाजूला कोवळे शेंडे उठलेले असतात आणि एकवीस दूर्वांच्या जुड्या आमच्या घरच्या गणपतीला पुरून शेजारच्या मराठी घरांतही जातात. हा पट्टा वाफ्यात घुसू नये म्हणून कडेने फावड्याने दर महिन्याला काप द्यावा लागतो.

जॅकरँडाच्या झाडाखालचा तुकडा मात्र कुठल्याही उपायाने सुधारला नाही. हरळीला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन लागते. सावलीत ती ऊन शोधत उंच होते, विरळ होते, आणि मग नेमकी कापणीत तिची उरलीसुरली पाने जातात. तिथे यंत्राची धार, खत आणि पाणी यांतले काहीच कामाला येत नाही. या हिवाळ्यात त्या जागेतल्या काशा आजोबांच्या पद्धतीने खोदून वेचून काढायच्या, झाडापासून हात राखून विटांची कड बसवायची आणि आतल्या जागेत पालापाचोळ्याचे जाड आच्छादन टाकून सावलीत राहणारी इथली देशी रोपे लावायची, असे ठरवले आहे.